कड्यातून आरपार

नहरीत उतरायच्या लायकीचा माणूस कोणता, हे आमच्यात एका लोखंडी कड्यावरून ठरायचं. ना डॉक्टर, ना वजनकाटा. हर्सूलच्या बाजूला आमची पत्र्याची शेड होती, शेडसमोर लिंबाचं झाड, आणि झाडाच्या खुंटासारख्या फांदीला जुन्या पिंपाचं एक कडं अडकवलेलं. दरवर्षी पाडव्याच्या आधी, उन्हाळी सफाई सुरू होण्यापूर्वी, एकेकानं दोन्ही हात वर करून उभं राहायचं. दोघांनी ते कडं डोक्यावरून घालायचं आणि अंगावरून खाली पायापर्यंत उतरवायचं. उतरलं तर माणूस खाली. अडलं तर माणूस वर, म्हणजे दोर धरायला. इतका रोखठोक कारभार पुढं मला कुठल्याच खात्यात दिसला नाही.

आता नहर म्हणजे काय, ते सांगावं लागेल. शहरातल्या नव्या माणसांना पाणचक्की ठाऊक असते, पण तिथं पाणी कुठून येतं हे विचारलं की ती एकमेकांकडं बघतात. डोंगराच्या पायथ्याशी झिरपलेलं पाणी जमिनीखालच्या चिरेबंदी बोगद्यातून, नुसत्या उतारावर, गावात आणायचं. पंप नाही, वीज नाही. निजामाच्याही आधीच्या काळातलं हे काम. वर रस्ते झाले, घरं झाली, त्यांच्याखालून पाणी आपलं चाललेलंच. बोगद्याला जागोजाग विहिरीसारखी तोंडं ठेवलेली. आम्ही दोराला धरून त्यातून उतरायचो, गाळ काढायचो, चुना भरायचो आणि झाडांच्या मुळ्या कापायचो. पाण्यासाठी मुळी दगड फोडून आत येते. माणसानं शिकावी अशी चिकाटी असते तिची.

बोगद्यात एरवी माणूस वाकून चालू शकतो. पण एका ठिकाणी आडवी भिंत होती आणि भिंतीत गोल भोक. पाण्याचा जोर कमी व्हावा, गाळ अलीकडंच बसावा म्हणून जुन्या कारागिरांनी ते ठेवलेलं. आम्ही त्याला गळा म्हणायचो. गळ्यापलीकडं वडाच्या मुळ्यांचं रान माजायचं आणि ते कापायचं तर त्या भोकातून पालथं सरकत जावं लागायचं. लिंबावरचं कडं होतं ते बरोबर गळ्याच्या मापाचं. म्हणून त्याचा एवढा मान.

मी करमाडकडचा, म्हसू. घरचा धंदा मेंढरांचा. पोलीस ॲक्शननंतर बापानं शहराची वाट धरली आणि मी मिसरूड फुटल्या फुटल्या या टोळीत लागलो. टोळीचे उस्ताद होते रहीमचाचा, निजामाच्या जमान्यापासून नहरीत असलेले. पांढरी दाढी, आवाज असा की खालच्या माणसाला वरून कुजबुजले तरी ऐकू जावं. त्यांनी मला तीन गोष्टी शिकवल्या. दोराची गाठ, कंदील आधी सोडून खालची हवा पारखणं, आणि बिडी.

बिडी ही आमच्यात चैन नव्हती हो, कामाचाच भाग होती. कंदील खाली जाऊन न विझता वर आला की सगळ्यांनी गोल बसून एकेक बिडी ओढायची आणि मगच उतरायचं. "बीडी पीने वाले कू नीचे की हवा नै लगती," चाचा सांगायचे, आणि चाचा सांगतात म्हणजे खरंच. वर आलं की पुन्हा बिडी. विसावा मोजायचा तोही बिडीवर. जो ओढत नाही त्याला विसावाच नाही. "तू रिकामाच हायस, जरा दोर गुंडाळ," असं म्हणून त्याला कामाला लावायचे. मी पहिल्याच महिन्यात ओढायला लागलो, यात नवल काही नाही.

या धंद्यात माणसंही नमुनेदार भेटायची. एका घरमालकाच्या नळातून एकदा बोटाएवढा मासा पडला. घरात कांदा-लसूणसुद्धा चालत नव्हता. तो तांब्या घेऊन थेट शेडवर आला आणि लागला थयथयाट करायला, "आमचा धर्म बुडाला, याचं काय ते सांगा!" चाचांनी तांब्यात डोकावून बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "सेठ, जिंदा है ना? मतलब पानी अच्छा है. मच्छी कू नहर में छोड़ देता मैं, पुण्य तुमकू." सेठ पुण्य घेऊन परत गेला.

आणि बेगमपुऱ्यात, आमच्या नहरीच्या शेवटच्या हौदाशेजारी, एक खाला, म्हणजे मावशी, राहायच्या. एकट्या, केस पिकलेल्या, दात पडलेल्या. आम्ही दिसलो की एकच प्रश्न, "क्यों बेटा, पानी मीठा है ना इस साल?" मी ओंजळभर पिऊन मान हलवायचो. पाण्याला चव असते हे मला तोवर माहीतच नव्हतं. बिडीनं भाजलेल्या जिभेला पाणी म्हणजे पाणी.

बिडीबद्दल टोळीत आणखी एक पक्की समजूत होती, ती भिकामुळं झाली. भिका फर्दापूरकडचा, माझ्या जोडीचा. खाली आम्ही दोघं असलो की तो गात गात मुळ्या कापायचा आणि नहर घुमायची. लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं. झालं तेव्हा त्यानं नवस फेडायचा म्हणून बिडी सोडली. बिडी सोडली आणि गडी फुगायला लागला. पुढच्या पाडव्याला कडं छातीवर येऊन बसलं ते बसलंच. भिकानं पोट आत ओढलं, दात-ओठ खाल्ले, पण छे! सगळी टोळी पोट धरधरून हसली. चाचा मात्र हसले नाहीत. "देख लो," एवढंच म्हणाले. "बीडी छोड़ा तो आदमी फुगता." भिका दोरावर गेला. वरच्या माणसाला कमी लेखायचं नसतं, खालच्याचा जीव त्याच्या हातात असतो, हे मला कळतं. पण भिकाचं गाणं त्या दिवसापासून बंद पडलं, हेही मी पाहिलंय.

त्यानंतर कोण सोडणार बिडी? मला तर खाली असणंच आवडायचं. वर ऊन, आरडाओरडा, साहेब, लोकांच्या तक्रारी. खाली थंडगार अंधार, पाण्याची झुळझुळ आणि माझा कंदील. मेंढरांमागं हिंडणाऱ्याच्या पोराला असं स्वतःचं राज्य कुठं मिळायचं? माझ्या हाताखालून गेलेलं पाणी अर्धा बेगमपुरा पितो, हा माज होता मला. आजही आहे.

तो खोकला आला नसता तर मी बिडी सोडली नसती. गळ्यातून परत येत होतो. डोकं आणि हात अलीकडं, छाती भोकात, पाय पलीकडं. आणि तिथंच ढास लागली. खोकला आला की छाती फुगणार, छाती फुगली की दगड आवळणार, दगड आवळला की श्वास नाही, श्वास नाही म्हणून पुन्हा खोकला. पाणी हनुवटीला. कंदील हाताशी होता, तो माझ्याच हिसक्यानं आडवा झाला. त्या अंधारात मला माझी बायको सुमन दिसली, चुलीपुढं बसलेली, आणि मी तिला हाक मारायला बघतोय तर हाक फुटेना. भिकानं वरून दोराचा हिसका ओळखला. वजन वाढलंय म्हणून वर बसवलेला तो माणूस, त्यानंच एकट्यानं जोर लावून मला ओढून काढलं. बरगड्यांची सालटी निघाली. वर आल्यावर चाचांनी माझ्या ओठांत पेटलेली बिडी ठेवली. मी ती काढून मातीत विझवली.

घरी सुमननं बरगड्यांना हळद लावली. मग उठता उठता म्हणाली, "मला दोन गोष्टी एकदम मागायला लावू नका देवाकडं. बिडी बी पाहिजे आन तुमी बी पाहिजेत, आसं जमायचं नाय." मी म्हणालो, "सोडली." ती म्हणाली, "व्हय, सोडली म्हणनारे लई बघितले."

आता खरा पेच सांगतो. बिडी ठेवली तर खोकला मला गळ्यात पुरणार. सोडली तर भिकासारखा फुगणार आणि कडं मला वर बसवणार. इकडं आड आणि तिकडं विहीर म्हणतात ते असं. मरायला मी भीत होतोच, पण दोरावर बसायच्या कल्पनेनंही माझी झोप उडायची. खोटं कशाला बोलू?

बिडी सोडल्यावर पहिले काही दिवस मी माणसातच नव्हतो. हात सारखा खिशात जायचा. एका गिऱ्हाइकानं नळाचं विचारलं तर त्याच्या अंगावर धावून गेलो. घरी भाकर करपली म्हणून ताट सरकवलं. सुमननं तेच ताट उचललं, माझ्यापुढं पुन्हा ठेवलं आणि म्हणाली, "बिडीचा राग भाकरीवर काढू नगा. भाकरीनं काय घोडं मारलंय तुमचं?" मग हाताला चाळा म्हणून शेंगदाणे आले. शेंगदाण्यांसोबत गूळ आला. जिभेवरची राख जशी उतरली तशी प्रत्येक गोष्ट अमृत लागायला लागली. साधं पिठलं! आयुष्यभर खाल्लं होतं आणि पहिल्यांदाच कळत होतं. मी खायचो, आणखी मागायचो, आणि मग रात्रभर कड्याची स्वप्नं बघायचो.

व्हायचं तेच झालं. एक दिवस जेवून उठताना सदऱ्याचं बटण तुटलं आणि टणकन ताटात पडलं. सुमन म्हणाली, "अवो, बटण हाय का बंदुकीची गोळी? माझा डोळा गेला आसता ना!" टोळीत मला पैलवान म्हणायला लागले. गणपत म्हणून एक काटकुळा गडी होता, तो रोज माझ्यापुढं बिडी पेटवून म्हणायचा, "घे की पैलवान, एक झुरका. पाडव्यापर्यंत काडी होशील." मी घाबरून हर्सूलच्या तलावाकडं पहाटे पळायला लागलो, गूळ बंद केला, दाण्यांच्या जागी मुळा-गाजर आलं. थोडं उतरलं. पण पहिला म्हसू काही परत येईना.

त्याच हिवाळ्यात गळ्यापलीकडं मुळ्यांनी पाणी अडवलं. बेगमपुऱ्यातल्या हौदाची धार करंगळीएवढी झाली. गणपत कड्यातून जायचा, पण गळ्यात पालथं पडून काम करायला त्याला दम पुरेना. दोनदा गेला, दोनदा खोकत परत आला. खात्याचे साहेब भले होते, पण त्यांचाही नाइलाज होता. म्हणाले, "पाडव्यानंतर कोणी गेलं तर ठीक, नाहीतर वरून खणून गळा फोडावा लागेल." चाचांचा चेहरा उतरला. इतक्या पिढ्यांनी जपलेला दगड, तो पहारीनं फोडायचा? "म्हसू," चाचा मला बाजूला घेऊन म्हणाले, "एक महीना बीडी पी ले बेटा. उतर जाएगा. काम होने के बाद छोड़ दे." त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. मला रडू आलं. उस्तादाला नाही म्हणायची ती माझी पहिली वेळ. "चाचा, खाली जाईन तर असाच जाईन," मी म्हणालो. म्हणालो खरा, पण जाणार कसा ते ठाऊक नव्हतं.

ते कळलं आमच्या चुलीपुढं. सकाळची वेळ, सरपण दवानं ओलं. सुमन फुंकून फुंकून थकली आणि फुंकणी माझ्या हातात देऊन म्हणाली, "घ्या, नुसतं बसून काय करताय." मी फुंकली. पूर्वी दोन फुंकांत ढास लागायची. त्या दिवशी फुंक निघाली ती निघतच राहिली. आतून वारा येतोय, येतोय, संपतच नाही. जाळ भक्कन उठला. मी वेड्यासारखा हसलो आणि पुन्हा फुंकली, पार तळ लागेपर्यंत. तेवढ्यात सुमन म्हणाली, "अवो, बंडी ढिली झाली की तुमची!"

मी खाली बघितलं. छातीवर तटतटलेली बंडी खरंच सैल पडली होती. श्वास घेतला, पुन्हा तटतटली. सोडला, पुन्हा सैल. आणि एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. कड्याखाली उभं राहिलं की आम्ही सगळे काय करायचो? पोट आत ओढायचो. पोट आत ओढायचं म्हणजे श्वास भरून छाती फुगवायची! कडं अडायचं बरगड्यांवर आणि आम्ही हसायचो पोटाला. पोट तर मऊ, दाबलं की सरकतं. अडते ती छाती. आणि ती रिकामी करून तशीच धरून ठेवायची तर बिडीवाल्याला जमणारच नाही, त्याला आधी ढास लागणार. म्हणजे बिडी सोडल्यामुळं माणूस अडत नव्हता, बिडी सोडलेल्यालाच खरं तर जाता येणार होतं! मी सुमनला ओढून उठवलं आणि फुंकणी हातात धरून नाचलो. ती म्हणाली, "आग लागली तुमच्या नाचाला, भाकर जळतीया!" पण हसत होती.

पाडव्यापर्यंत आमच्या चुलीला दुसऱ्या कुणी फुंकलं नाही. मी फुंकायचो, रिकामा व्हायचो, रिकामाच थांबायचो. थांबण्याची वेळ वाढत गेली. टोळीत मात्र अवाक्षर काढलं नाही.

कड्याचा दिवस आला. लिंबाखाली सगळे जमलेले. गणपत आणि भिकानं कडं धरलं. मी हात वर केले आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं, काय सांगू, पोट आत ओढलं! कडं छातीवर बसलं. हशा पिकला. "पैलवान, दोर कोनता आवडंल तुला?" गणपत म्हणाला. चाचांनी मान फिरवली. मी म्हणालो, "थांबा. कडं हलवू नका." मग तोंडाचा चंबू केला आणि चूल फुंकावी तसा श्वास सोडत गेलो. सोडत गेलो, सोडत गेलो. हशा थांबला. कडं आपणहून बरगड्यांवरून घसरलं आणि पोटावर येऊन टेकलं. मी एका हातानं पोट दाबलं, एवढं मऊ होतं बिचारं, कुरकुर न करता बाजूला झालं. कडं खण्णकन माझ्या पायाशी पडलं.

चाचा जवळ आले, माझ्या छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "फिर से कर." मी पुन्हा केलं. पुन्हा खण्ण. चाचांनी कानावरची बिडी काढली, बोटांत फिरवली आणि न पेटवता खिशात घातली. "इत्ते साल गलत नापते रहे क्या रे हम?" असं ते पुटपुटले. कुणाला विचारत होते कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी कंदील खाली जाऊन वर आला. वरती बिडीचं रिंगण बसलं, मी बसलो नाही. उतरलो. गळ्याशी पालथा झालो, श्वास सोडला आणि त्या ओल्या दगडातून, जिथं मी मरता मरता वाचलो होतो, तिथून पलीकडं गेलो. छाती मोकळी, खोकला नाही. पलीकडं जाऊन भरून श्वास घेतला तो किती गोड होता! मग विळा चालवला. मुळ्या मनगटाएवढ्या, केसांसारख्या गुंतलेल्या. कापायच्या, ओढायच्या, गळ्यातून मागं ढकलायच्या. शेवटचा झुपका सुटला आणि अडलेलं पाणी माझ्या बगलेखालून धडधडत निघालं. मी त्या अंधारात एकटाच ओरडलो. वरच्यांना वाटलं की मी पुन्हा अडकलो, आणि भिकानं दोर असा खेचला की मी अर्धा उचलला गेलो. "अरे सोड, पाणी चाललंय!" मी ओरडलो. वरून टोळीचा जो गलका उठला, तो नहरीतून माझ्यापर्यंत आला तेव्हा पाण्यालाच आवाज फुटल्यासारखा वाटला.

वर येऊन शेडवर परतलो तर भिका लिंबाखाली उभा होता, हातात कडं. "म्हसू," तो म्हणाला, "मला बी शिकव." मी त्याला तिथंच शिकवलं. पहिल्यांदा त्यानं पोट ओढलं, मी पोटात गुद्दा मारला. "ओढू नको, सोड!" तिसऱ्या खेपेला कडं खाली आलं. भिका त्या कड्यात उभा राहून हमसाहमशी रडला. इतकी वर्षं तो वर बसला होता, आणि बसायचं कारणच नव्हतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. नहरीतलं त्याचं गाणं त्या आठवड्यात पुन्हा सुरू झालं. चाचा वरून ऐकत बसायचे, बिडीशिवाय. त्यांनीही सोडली होती, पण कुणी विचारलं तर खोकला वाढलाय म्हणायचे.

पाणी सुटलं त्याच दिवशी संध्याकाळी मी बेगमपुऱ्यात गेलो. हौदात मनगटाएवढी धार पडत होती आणि खाला काठावर बसल्या होत्या. "क्यों बेटा, पानी मीठा है ना?" मी ओंजळ भरली, प्यालो. दगडाची थंडी, मातीचा वास, आणि मागून हळूच येणारी गोडी. मी पुन्हा प्यालो. पुन्हा. "खाला," मी म्हणालो, "बहुत मीठा है." त्या हसल्या. "आज तूने सच्ची में चखा," त्या म्हणाल्या.

आता ती शेड नाही आणि चाचाही नाहीत. आमच्या हद्दीतली बरीच तोंडं बुजली. नळाला पाणी येतं तेव्हा येतं. कडं मात्र माझ्याकडं आहे, अंगणात खुंटीला. दर पाडव्याला गुढी उभी केली की भिका येतो. दोघंही सत्तरी ओलांडलेले, दोघांचीही पोटं सुमनच्या हातच्या पुरणपोळीची. सुना-नातवंडं हसायला जमतात. सुमन फुंकणी आणून देते, गॅस आला तरी तिनं ती टाकलेली नाही. आम्ही हात वर करतो, श्वास सोडतो.

यंदाही गेलो. पोटासकट.